पाण्याला काय म्हणतात?

"इंग्रजीच्या तासाला मराठी? मग मराठीच्या तासाला काय, फ्रेंच बोलणार आपण?" असं म्हणत मुख्याध्यापिकांनी उल्का मॅडमना शेवटी एका आठवड्याची परवानगी दिली. स्वारगेटजवळच्या त्या शाळेतला पहिलीचा वर्ग दोन दिवसांत बोलका झाला. मॅडमनी पेला उचलून "वॉटर म्हणजे पाणी" म्हटलं, की मुलं ओरडायची, "मॅडम, आमच्याकडे वॉटर फक्त सकाळी येतं!"

महिन्यापूर्वी गडचिरोलीहून आलेली रोशनी मात्र मराठीत विचारलं तरी गप्पच. हिला ऐकू तरी येतं ना, अशी शंका मॅडमना येऊ लागली.

शुक्रवारी तिचे वडील तिला न्यायला आले, तेव्हा मॅडमनी विचारलं, "ही घरी तरी बोलते का हो?"

"लय बोलते, मॅडम. पण आमच्या घरी गोंडी बोलतात. मराठी ती आत्ता इथं शिकून राहिली."

मॅडम रोशनीसमोर खाली बसल्या आणि पाण्याची बाटली दाखवून त्यांनी खुणेनं विचारलं, हे काय?

"येर," रोशनी हळूच म्हणाली.

"यार?" मॅडमनी म्हणून पाहिलं.

रोशनीनं जोरात नकारार्थी मान हलवली आणि शब्द सावकाश पुन्हा म्हटला. तिसऱ्या खेपेला तो मॅडमना जमला, तशी वडिलांना थांबायची खूण करून ती मॅडमना हाताला धरून अंगणातल्या झाडापाशी घेऊन गेली, पुढचा शब्द शिकवायला.