काळं मेंढरू

"मेंढरू काळं का केलं?" रामरावांनी विचारलं.

शनिवारची दुपार होती. चर्चच्या पूर्वेकडच्या खिडकीवर झुंबरबाई गव्हाच्या खळीनं पतंगाच्या कागदाचे तुकडे चिकटवत होती, आणि मच्छिंद्र त्यांवर करडईच्या तेलाचा बोळा फिरवत होता. विलायती रंगीत काचा मागवायच्या की छपराची गळती बुजवायची, यावर मंडळीत तीन रविवार चर्चा झाली होती. गळती जिंकली. मग भोकरदनच्या दुकानात संक्रांतीनंतर उरलेला कागद आला.

खिडकीत प्रभू उत्तम मेंढपाळ होऊन उभा होता. झगा लाल, आभाळ निळं आणि दाढी पिवळी. तपकिरी पतंग कोणी उडवत नाही. दाढीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण त्याच्या खांद्यावरचं, हरवून सापडलेलं मेंढरू झुंबरबाईनं कंदिलाची काजळी तेलात कालवून काळंकुळकुळीत रंगवलं होतं.

"मेंढरं काळीच असतात, दादा. जन्मभर हीच राखली म्या."

"प्रभूची पांढरी असतात. पाळकसाहेबांच्या क्यालेंडरवर बघ."

"ती तिकडली. तिकडून इथवर चालत आल्यावर पांढरी राहतील का?"

रामराव मंडळीचे पंच होते. पंचांना प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

"उजेड अडून राह्यला ना, बाई. रंगीत खिडकी कशापायी केली मंग? मच्छिंद्रा, खरवड ते."

झुंबरबाई मच्छिंद्र आणि काचेच्या मधे उभी राहिली. "मेंढपाळ बी खरवड मंग. रिकाम्या खांद्यानं त्यो कुठं चालला?"

पंचांनी खिडकीकडे पाठ फिरवली. ते म्हणाले, "उद्याची उपासना होऊ दे. मंग बिलकुल खरवडू."

रविवारी नऊला चैत्राचं ऊन खिडकीतून थेट पुरुषांच्या सतरंजीवर उतरलं. कोणी लाल झाला, कोणी निळा. पहिल्या गीतापर्यंत सगळ्यांना कौतुक वाटलं. दुसऱ्या गीताला डोळे चुरचुरू लागले. उपदेश लांबला, तेव्हा टाळकी तापली. सगळ्या सतरंजीवर सावलीचा एकच तुकडा होता, मेंढराएवढा.

प्रार्थनेला सर्वांनी डोळे मिटले तेव्हा तिथं कोणी नव्हतं. 'आमेन' म्हणून उघडले, तर रामराव मांडी घालून बसलेले. त्यांच्या पाठीला पाठ लावून मच्छिंद्र, आणि कडेला अर्धे सावलीत, अर्धे निळे असे दोघे.

बायकांच्या बाजूला पदर तोंडाला गेले. झुंबरबाई तेवढी हसली नाही. तिचं लक्ष काचेवर होतं.

उपासना संपली. पाळकसाहेबांनी विचारलं, "रामराव, त्या मेंढराचं काही काढलं होतं तुम्ही?"

रामराव जागचे उठले नाहीत.

"झुंबरबाई," त्यांनी तिथूनच हाक दिली, "बाजूच्या खिडकीत कळप घे."