विमान कुणी पाठवायचं

केक कापून झाला होता. सरकारी खात्याकडून आलेल्या शंतनूने दवाखान्याची किल्ली डोरीनच्या हातात ठेवली आणि टाळ्या वाजल्या. आजपासून दवाखाना उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या या वस्तीचा. नर्स, औषधं, गाडी, सगळा कारभार वस्तीच्या मंडळाकडे, आणि मंडळाची प्रमुख डोरीन.

दवाखान्याची नर्स अरुणा हिने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या कानाशी फोन होता आणि पलीकडे मघापासून नुसतं संगीत वाजत होतं. आतल्या खोलीत म्हातारा इलायजा छाती दाबून पडला होता. त्याला शहरातल्या हॉस्पिटलात न्यायला विमान हवं होतं, आणि विमान मंजूर करायचा अधिकार तेवढा खात्याने स्वतःकडे ठेवला होता. मागच्या हिवाळ्यात सगळे हेच संगीत ऐकत बसले असताना डोरीनचा भाऊ गेला.

"मग आम्हाला दिलंत काय?" डोरीनने शंतनूला विचारलं. "झाडू?"

तो म्हणाला, विमानाचं पुढच्या टप्प्यात बघू.

त्याला घेऊन आलेलं विमान धावपट्टीवर उभं होतं. अर्ध्या सीट रिकाम्या. पायलटची ना नव्हती. अरुणाने फोन आपटला आणि तेच विमान मागितलं. शंतनू म्हणाला, इन्शुरन्सचा प्रश्न येतो, मॅनेजरला विचारावं लागेल, मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत. मग तो तिच्याजवळ सरकला आणि हळूच मराठीत बोलू लागला. रिचमंड हिलच्या गणपतीच्या देवळात भेटल्यासारखा.

"ताई, तुम्ही समजवा ना यांना जरा. आपल्यातच सांगतो, यांना हे झेपणार नाही. वर्षभरात सगळं परत आमच्याकडेच येतंय, बघा."

अरुणाची कानशिलं तापली. कित्येक महिन्यांत समोर उभं राहून तिच्याशी कुणी मराठी बोललं नव्हतं. आणि बोललं ते हे.

ती जमलेल्या लोकांकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने त्याचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द न गाळता. 'ताई'सकट.

शंतनू गोरामोरा झाला. एका बाईने हातातली केकची प्लेट न खाताच खाली ठेवली.

डोरीनने किल्ली खिशात टाकली. आत जाऊन तिने इलायजाच्या स्ट्रेचरचं एक टोक उचललं, दुसरं अरुणाने. बाहेरच्या दारापाशी डोरीन थांबली. दोघींचेही हात मोकळे नव्हते.

"तुमच्या भाषेत सांग त्याला," ती अरुणाला म्हणाली. "दार धर म्हणावं."

अरुणाने सांगितलं.

गार वारा आत घुसला. स्ट्रेचर धावपट्टीकडे गेलं, मागोमाग माणसं गेली. शंतनू कोटाविना दार धरून उभा होता. सोड असं त्याला कुणी म्हणालं नाही.