एकच अपव्होट

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: स्वीडनमधलं मेलारेन सरोवर गोठलंय, आणि स्केटिंगवाल्यांच्या चर्चागटावर आजच्या बर्फाच्या बातम्या येताहेत. आरशासारख्या काळ्याभोर बर्फाच्या फोटोला शेकडो अपव्होट, म्हणजे पसंतीच्या खुणा. पार तळाशी दहा वर्षांच्या एब्बाने लिहिलेलं: "पुलाखाली बर्फ पातळ आहे. बाबाची लोखंडी टोकाची काठी आरपार गेली. आम्ही परत फिरलो." त्याला एकच अपव्होट, तोही बाबाचा.

"परत फिरणाऱ्यांचं कोण कौतुक करतंय?" एब्बा फुरंगटली. "पुसूनच टाकते."

"टाक हवं तर. पण आधी ब्लूबेरीचं सूप पी, थंड झालं की तूच नाक मुरडतेस," बाबा म्हणाला.

तिचं बोट पुसायच्या खुणेवर गेलं, तेवढ्यात खाली कुणा अनोळखी बाईचं उत्तर उमटलं: "माझी आई एकटीच पुलाकडे निघाली होती. हे वाचून तिला फोन लावला. भयंकर चिडलीय माझ्यावर, पण काठावर उभी राहून चिडलीय. गडबडीत अपव्होट द्यायचा राहिला बघ."

एब्बाने ते दोनदा वाचलं. मग सूप तसंच ठेवून तिने कोपऱ्यातली काठी उचलली.

"चल बाबा, उजेड आहे तोवर पलीकडचा काठ तपासून येऊ."