कादंबरीतला धाकटा

“त्या कादंबरीतल्या धाकट्यानं बापाला विष दिलेलं वाचून मला रात्री जेवण गेलं नाही बघ,” शेजारचे जोगळेकर म्हणाले, आणि दृष्टी गेलेल्या दिनकररावांच्या हातातला चहा तसाच राहिला.

हीच रहस्यकादंबरी त्यांच्या सुनेनं, शुभदानं, त्यांना महिनाभर वाचून दाखवली होती. त्यातला धाकटा मुलगा संत्र्याच्या फोडी बिया काढून बापाच्या हातात द्यायचा, अगदी त्यांच्या कॅनडातल्या धाकट्या मुलासारखा, हेमंतसारखा. दिनकररावांचा त्याच्यावर इतका जीव जडला की संशय त्याच्याकडे वळला तशी त्यांची झोपच उडाली. शेवटी शुभदानं वाचलं, खून दिवाणजीनं केला. तेव्हा कुठे त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. “खून तर दिवाणजीनं केला ना?” त्यांनी विचारलं.

“दिवाणजी?” जोगळेकर हसले. “तो बिचारा शेवटपर्यंत रडत असतो.”

सुनेनं आपल्याला लहान मुलासारखं फसवलं. दिनकररावांना संताप आला. मग एक विचार मनात आला: हेमंतचे मेसेजही तीच वाचून दाखवते.

तेवढ्यात शुभदा बाहेर आली. “बाबा, हेमंतभावजींचा मेसेज आलाय. वाचू?” आवाज नेहमीसारखाच गोड.

“फोन जोगळेकरांकडे दे. आज ते वाचतील.”

“त्यांना चष्म्याशिवाय दिसायचं नाही, बाबा. मीच वाचते ना.”

“चष्मा लावलाय की मी,” जोगळेकर म्हणाले.

दिनकरराव कान देऊन बसले. शुभदाची पावलं जागची हलली नाहीत.