एकटा अणू

विजयनगरच्या घरात मधुमिता आणि तिचे वडील अण्णा, दोघंच. उजेडाच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडचं इंधन करणारा पदार्थ ती प्रयोगशाळेत घडवायची. त्यावर धातूचा एकेक अणू सुटा बसवायचा. जेवताना अण्णा रोज विचारायचे, "बसला काय गं तुझा अणू?"

"खालचा आधार घट्ट असला तर बसतो की, अण्णा. आधार सुटला की भरकटतो. मग किती का उजेड दाखवा, काही उपयोग नाही."

आज सकाळी अण्णा उठलेच नाहीत. तिनं सगळं एकटीनंच केलं. स्मशानातल्या कारकुनानं कन्नडमध्ये अण्णांचं नाव विचारलं, वय विचारलं आणि वर न बघताच कार्डासाठी हात पुढे केला. "आधार, अम्मा?"



"होता," ती मराठीतच म्हणाली.