मुळ्याच्या खड्ड्यापाशी ठेवलेला भात

"ए म्हातारे, पोरगा कुठंय तुझा?" शिपायाने विचारलं.

"मेला," गापसुनची सासू ठसक्यात म्हणाली. "मुळे हवेत? न्या. यंदा मांडीएवढे पोसलेत."

शिपाई हसले आणि दोन मुळे उचलून गेले.

आमच्या गांगवोनच्या डोंगरात कडाक्याची थंडी पडायच्या आत मुळे उपटतात आणि बागेतच खड्ड्यात पुरतात. तोंडाला पेंढ्याचा बोळा. हिवाळाभर हात घालायचा आणि मुळा काढायचा. यंदा सासूने खड्डा दुप्पट खणला होता. लढाईवर धरून नेतील म्हणून मान्शिकला, आपल्या एकुलत्या एका लेकाला, तिने त्यातच दडवलं.

पहिल्याच रात्री बर्फाने खड्ड्याचं तोंड बुजलं आणि आतली हवा संपली. सकाळी त्याची बायको गापसुन मुळा काढायला गेली, तर हाताला नवऱ्याचा गार गाल लागला.

तिने बोळा परत लावला. म्हातारीला कळलं तर ती जीव देईल, या धास्तीने गप्प राहिली. चौथा महिना होता तिला, पण तेव्हापासून अन्न समोर नको झालं. जेवताना ती खरवड चिवडून उठायची.

सासू मात्र रोज संध्याकाळी वाडगाभर भात आणि मुळ्याचा रस्सा खड्ड्यापाशी ठेवायची आणि मागे न बघता घरात जायची. मग गापसुन बाहेर यायची. भात फेकला तर बर्फावर दिसणार. म्हणून तिथेच उभी राहून गिळायची. रस्स्यातला मुळाही त्याच्याच उशाचा. 'माझा भात खातेस?' असं खालून कोणी विचारल्यासारखं तिला वाटायचं.

"खाल्लं का गं त्याने?"

"चाटूनपुसून, आई."

"खादाड मेला! उद्या जास्त वाढते."

वसंतात लढाई पुढे सरकली. गापसुनला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. आता सासू म्हणणार, काढ माझ्या लेकाला बाहेर. गापसुनने तिचे पायच धरले.

"आई, तो... पहिल्याच रात्री..."

"ठाऊक आहे. तुझ्याआधी पहाटे मीच गेले होते. डोळे मीच मिटले त्याचे."

"मग रोजचा तो भात?"

सासूने नातवाला उराशी घेतलं. "तुझ्या पुढ्यात वाढला असता, तर खाल्ला असतास का?"