टीव्हीवरचं पत्र

सकाळपासून वृषालीच्या लॅपटॉपचा पडदा काळाच होता. मकरंदने दोन-चार बटणं दाबून पाहिली, कान लावून आतला पंखा ऐकला आणि म्हणाला, "मशीन चालतंय, नुसता डिस्प्ले गेलाय. टीव्हीला जोडून बघू."

"राहू दे, मी दुकानात देते," म्हणत वृषाली कणकेच्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली. तोवर नवऱ्याने केबल खोचली होती.

टीव्हीवर तिचा उघडा राहिलेला ईमेल दिसला. सोफ्यावर बसलेल्या सासूबाईंनी चष्मा सावरत मोठ्याने वाचलं, "रत्नागिरीच्या आमच्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून आपली निवड झाली आहे. एक तारखेला रुजू होणार का, ते आजच कळवावे."

मकरंद हसला. "नोकरी करायची नाही, हे लग्नाआधीच ठरलं होतं ना? जमणार नाही म्हणून कळव. आत्ता, माझ्यासमोर."

वृषाली हात पुसून लॅपटॉपपुढे बसली. तो तिच्या खुर्चीला टेकून मागे उभा राहिला. ती लिहील ते अक्षर न् अक्षर समोर टीव्हीवर उमटणार होतं. नऊ वर्षांत या घरात तिने कुणालाच नाही म्हटलं नव्हतं.

तिने लिहायला सुरुवात केली. सासूबाई एकेक शब्द वाचू लागल्या, "महोदय, मी एक तारखेला..."

त्या थबकल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे. पुढचे शब्द त्यांनी खणखणीत वाचले, "रुजू होत आहे."

मकरंदचा हात कीबोर्डपर्यंत पोहोचला, तेव्हा वृषालीने उत्तर पाठवून दिलं होतं.